चाल पाणीखात्यात आहे

नगरपालिकेच्या वाद्यपथकात बारा माणसं होती. त्यांत बाई एकच, आणि सगळ्यांत थोरलं वाद्य तिच्याकडे. ट्यूबा. पितळेचा अवाढव्य भोंगा. तो मांडीवर घेतला की मागची बाई दिसेनाशी व्हायची. खाली दोन बूट, वर एक टोपी, मधे सगळं पितळ. बागेतली पोरं म्हणायची, भोंग्याला पाय फुटलेत. गाव तिला भोंगाबाई म्हणायचं. तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. ती स्वतः त्या वाद्याला म्हैस म्हणायची. "म्हशीला आंघोळ घालून येते," असं घरात सांगून ती सकाळी पथकाच्या खोलीकडे निघायची.

ट्यूबाला चाल नसते. चाल क्लॅरिनेटकडे, ठसका कॉर्नेटकडे, ताल ड्रमकडे. ट्यूबानं खालून धरून ठेवायचं. पों, पों, मग बराच वेळ गप्प, मग पुन्हा पों. ऐकणाऱ्याला ती ऐकू आल्यासारखी वाटत नाही. थांबली की मात्र पायाखालची फरशी हलल्यासारखं होतं, आणि काय हललं ते सांगता येत नाही.

ती या कामाला आली ती पॉलिशवाली म्हणून. बाप पथकाची वाद्यं घासायचा. तो गेला आणि त्याची जागा तिला मिळाली. फडकं, पावडर, आणि खोलीभर पितळ. नळ्यांमध्ये वाजवणाऱ्यांच्या श्वासाचं पाणी साठतं, ते काढायला फुंकर मारावी लागते. एका दुपारी तिनं ट्यूबात फुंकर मारली आणि खिडकीची काच थरथरली. शेजारच्या खोलीत बँडमास्तर जेवत होते. ते घास तोंडात तसाच ठेवून दारात आले.

"कोण होतं?"

"मी. पाणी काढत होते."

"पुन्हा काढ."

तिनं पुन्हा काढलं.

"पाण्याचं सोड," मास्तर म्हणाले. "तेवढाच आवाज धर आणि मी हात खाली करेपर्यंत सोडू नकोस."

मास्तरांचा हात बराच वेळ वर राहिला. ट्यूबा वाजवणारा गडी तेव्हा दातांच्या दुखण्यानं रजेवर होता. तो परत आलाच नाही. पॉलिशवाली वादक झाली.

काकूंनी नाकं मुरडली. बाईमाणसानं चारचौघांत गाल फुगवून बसायचं, शोभतं का. ती म्हणाली, "काकू, तुम्ही रोज घरात गाल फुगवून बसता. मी निदान त्यातून काही काढते तरी."

गणवेशाचे कोट पुरुषांच्या मापाचे होते. तिच्यासाठी नवा शिवायचा ठरला. शिंप्यानं छातीला फीत लावली आणि म्हणाला, "श्वास सोडा." ती म्हणाली, "सोडत नसते. तो धरून ठेवायचाच मला पगार मिळतो." शिंपी हसला आणि त्यानं कोट दोन बोटं सैल ठेवला. पुढं त्या शिंप्याशीच तिनं लग्न केलं. माझ्या श्वासाचा विचार केलेला पहिला माणूस, असं ती त्याच्याबद्दल सांगायची. शिंपी म्हणायचा, "कापड उरलं होतं, एवढंच."

त्यांना एक मुलगी झाली. आई भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तोंडानं आपला भाग म्हणायची. पों, पों, पों-पों. मग थांबायची, पायाच्या बोटांनी मात्रा मोजायची, आणि पुन्हा पों. मुलीनं तेच उचललं. बापही मशीनवर तेच गुणगुणायचा. शाळेत एकदा बाईंनी प्रत्येकाला गावातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं बोटीचं गाणं म्हणायला सांगितलं. पोरगी उभी राहिली. पों, पों, पों-पों म्हणाली आणि हाताची घडी घालून गप्प झाली.

"पुढं?" बाई म्हणाल्या.

"थांबा ना बाई, माझी पाळी यायचीय अजून."

वर्ग हसून हसून लोळला. पोरगी रडत घरी आली. "आई, ते गाणं वेगळंच आहे. तू मला खोटं गाणं शिकवलंस."

"खोटं नाही गं," आई म्हणाली. "खालचं आहे."

या पथकाचा एक नियम होता. दुसऱ्या पथकांत तो नाही. तिथं कोणी आजारी पडलं की दुसरा त्याचा भाग ओढून नेतो, काम भागवतो. इथं भागवायचं नाही. म्हाताऱ्या बँडमास्तरांनी घालून दिलं होतं की आपल्या कागदाबाहेर फुंकायचं नाही. माणूस आला नाही तर त्याची खुर्ची मांडायची, त्याचा कागद लावायचा, आणि त्याची पाळी आली की तेवढी जागा मोकळी सोडायची. ड्रमवाल्याला कावीळ झाली तेव्हा पथक दर रविवारी तालाशिवाय वाजलं. लोक येऊन म्हणाले, मास्तर, आज गाणं लंगडतंय. मास्तर म्हणाले, "लंगडू दे. कोण नाही ते कळू दे."

मास्तर गेले. नियम राहिला.

दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर वादन व्हायचं. काठीवाले आजोबा पहिल्या बाकावर. मागं पोरंटोरं, नर्सा, दुकानं बंद करून आलेले लोक, भांडण करून घराबाहेर पडलेली जोडपी. शेवटचं गाणं मुद्दाम संथ वाजवलं जायचं. आजोबांना बाकावरून उठून फाटकापर्यंत जायला वेळ लागायचा. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत क्लॅरिनेट शेवटची ओळ फिरवत राहायचा. हे कोणी ठरवलं नव्हतं.

मग नगरपालिकेत नवे साहेब आले. तरुण, नम्र, हातात कायम पाण्याची बाटली. त्यांनी पथकाला चहाला बोलावलं आणि सांगितलं की बारा धडधाकट माणसं आठवडाभर सराव करतात आणि एक संध्याकाळ वाजवतात, हे बरोबर दिसत नाही. खात्यांना माणसं कमी पडतायत. पुढच्या आठवड्यात हुकूम आले. क्लॅरिनेट पाणीखात्यात, घरोघरी मीटर वाचायला. कॉर्नेट कचऱ्याच्या वजनकाट्यावर. ड्रम बाजारात पावत्या फाडायला. ट्रॉम्बोन वाहनतळावर. दुसरा क्लॅरिनेट जन्ममृत्यूच्या खिडकीत. बाकीचेही असेच पांगले. सगळ्यांना रविवारची पाळी लावली होती. ते चुकून झालं नव्हतं.

ट्यूबाला जुनी कागदपत्रं ठेवतात त्या खोलीत जायचं होतं. ती गेली नाही.

"माझ्या नेमणुकीत वादक लिहिलंय," तिनं आस्थापना विभागातल्या कारकुनाला सांगितलं. "पॉलिशवालीची वादक करताना मास्तरांनी सगळं शिक्क्यानिशी करून घेतलं होतं. ते शिक्के तुमचेच आहेत."

कारकून म्हणाला, "बाई, कशाला? दोन महिन्यांत सर्वसाधारण सभा आहे. वादन बंद पडलंय म्हणून पथक बंद, असा ठराव येतोय. वाद्यं मोडीत जाणार. पितळ वजनावर."

"वादन बंद पडलंय म्हणून?"

"हो."

"आणि नाही पडलं तर?"

कारकुनानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "एकटी काय वाजवणार तुम्ही?"

"जे येतं ते."

त्या रविवारी तिनं बारा खुर्च्या मांडल्या. बारा स्टँड. प्रत्येक स्टँडवर ज्याचा त्याचा नोटेशनचा कागद, वाऱ्यानं उडू नये म्हणून शिंप्याकडच्या चिमट्यांनी लावलेला. मग आपल्या जागेवर, मागच्या रांगेत उजवीकडून दुसरी, तिथं म्हैस घेऊन बसली. वेळ झाल्यावर सुरू केलं.

पों. पों. पों-पों.

मग शांतता. पाय मोजतोय. मग पों.

लोकांना वाटलं, ती वाद्य तपासतेय. मग कळलं की हेच आहे. पोरं खिदळली. कोणीतरी ओरडलं, "भोंगाबाई, म्हैस व्यायलीय का?" तिची पाळी नव्हती, तेवढ्यात तिनं तोंड काढून उत्तर दिलं. "व्याली की पहिलं दूध तुलाच." आणि लगेच आपल्या मात्रेवर पों धरला, जराही न चुकता.

सगळा कार्यक्रम तिनं तसाच वाजवला. पाच गाणी. एका गाण्यात ट्यूबाला अख्खं एक कडवं काम नसतं. ते कडवंभर ती वाद्य मांडीवर घेऊन बसून राहिली आणि पान उलटायची वेळ झाली तेव्हा उलटलं. निम्मे लोक उठून गेले होते. काठीवाले आजोबा बसून राहिले.

दोन रविवार असेच गेले. मग साहेब स्वतः आले. कार्यक्रम संपेपर्यंत थांबले, हे त्यांचं सौजन्य.

"बाई, हे काय चाललंय?"

"वादन."

"यात गाणं कुठं आहे?"

"चाल पाणीखात्यात आहे साहेब. तुम्हीच पाठवलीत. ताल बाजारात पावत्या फाडतोय. ठसका वजनकाट्यावर. माझ्याकडे एवढंच उरलंय, ते वाजवते."

"तुम्हाला चाल येत नाही का?"

"झोपेतसुद्धा येते. पण माझी नाही."

साहेब हसले. "हे पाहा, मी संगीताच्या विरोधात नाही. माझ्या घरी फार चांगले स्पीकर आहेत."

"त्यात कोण वाजवतं?"

"अहो, रेकॉर्डिंग असतं."

"ते कुणी केलं? वजनकाट्यानं?"

साहेबांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "एक सांगा मला. गावाला आधी काय लागतं? पाणी की गाणं?"

तिनं खरंच विचार केला. "पाणी," ती म्हणाली. "पण आमच्या क्लॅरिनेटला मीटर वाचता येत नाही. एका विधवा बाईच्या नावावर त्यानं सबंध गल्लीचं पाणी लावलं. ती रडत होती, तोही रडत होता. म्हणजे गाणंही गेलं आणि पाण्याचाही घोळ. यात गावाचं काय साधलं, ते तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा."

पुढच्या रविवारी चौथऱ्यावर दोन उंच स्पीकर उभे होते. साहेबांची कल्पना. लोकांची सोय व्हावी. बोटीचं गाणं वाजलं, कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या मोठ्या पथकानं वाजवलेलं. स्वच्छ, चकचकीत, भरभर. बाई हातांची घडी घालून ऐकत राहिली. शेवटचं गाणं सुरू झालं तसे आजोबा सवयीनं उठले. ते पहिल्या झाडापाशी पोचायच्या आत गाणं संपलं. बागेत एकदम शांतता, आणि त्या शांततेत आजोबांची काठी एकटीच टकटक करत राहिली. ते थांबले, वळले, आणि कुणीतरी फसवल्यासारखं स्पीकरकडे बघत राहिले.

"चांगलं वाजवलं त्यांनी," बाई लोकांना म्हणाली. "बिचाऱ्यांना काय माहीत इथं कोण बसलंय. आता आपलं ऐका." आणि तिनं आपलं पों-पों पहिल्यापासून सुरू केलं. आजोबा परत येऊन बसले.

त्या संध्याकाळी क्लॅरिनेट बागेच्या फाटकाशी भेटला. सायकल, खांद्यावर मीटरवाल्यांची पिशवी, पायाला पँटची चिमटी. दोघांनी वर्षानुवर्षं शेजारी बसून वाजवलेलं. तो वरच्या सुरात, ती खालच्या.

"अगं, निदान चाल तरी वाजव," तो म्हणाला. "लोक हसतायत तुला. मला रस्त्यात थांबून सांगतात."

"चाल तुझी आहे."

"मी परवानगी देतो. वाजव."

"तू कोण परवानगी देणारा? आज मी तुझी चाल वाजवली, की उद्या साहेब म्हणतील, एका बाईत भागतंय. परवा म्हणतील, बाई तरी कशाला."

"आणि तू बसलीस अशी एकटी, तर काय होईल?"

"तू नाहीस हे ऐकू येईल."

क्लॅरिनेटनं मान खाली घातली. "माझी रविवारची पाळी आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. मी काही म्हटलं का?"

तिनं काही म्हटलं नव्हतं. तेच त्याला लागलं असावं. तो सायकलवर न बसता ती हातात धरून चालत गेला.

घरातही बरं नव्हतं. मुलगी आता मोठी झाली होती. नगरपालिकेतच कराच्या खिडकीवर हंगामी होती आणि कायम व्हायची वाट बघत होती. तिच्या वरिष्ठांनी तिला बोलावून गोड शब्दांत विचारलं होतं, आईची तब्येत बरी आहे ना.

"बरी आहे म्हणाले मी," मुलगी म्हणाली. "मग म्हणाले, समजवा त्यांना जरा."

"मग समजव."

"आई, थट्टा करू नकोस. माझं व्हायचंय अजून सगळं. तुझं झालंय."

शिंप्यानं मशीन थांबवलं. बाई सोफ्यावर बसली. तिनं मुलीकडे नीट पाहिलं. "मी थांबू का?" ती म्हणाली. "तू थांब म्हण. मी थांबते. पण तू म्हटलं पाहिजेस. त्यांनी तुझ्या तोंडून म्हणवलेलं मी ऐकणार नाही."

मुलगी उठून आत गेली. आठवडाभर मायलेकी ताट, वाटी, किल्ली एवढंच बोलल्या. मग एक दिवस कामावर जाताना मुलगी दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "थांबू नकोस. पण मला रोज तिथं तोंड दाखवावं लागतं, हे तू विसरू नकोस."

"नाही विसरत," आई म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी वेगळंच घडलं. लोक आता पुन्हा वाढले होते. काही मजा बघायला, काही कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बोटीचं गाणं सुरू होतं. ट्यूबानं दोन मात्रा दिल्या आणि क्लॅरिनेटची मोकळी जागा आली. तिथं मागून एका नर्सनं हळूच चाल गुणगुणायला सुरुवात केली. शेजारचे दोघं त्यात शिरले. मग सगळा बाक. मग सगळी बाग. लोकांना चाल येत होती. एवढी वर्षं ऐकलेली, हाडात गेलेली. आवाज चढत गेला. कोणाच्या डोळ्यांत पाणीही आलं. असं वाटलं, आता जिंकलं.

बाईनं वाजवायचं थांबवलं. ट्यूबा बाजूला ठेवली आणि उभी राहिली. हात वर केला, मास्तर करायचे तसा. गाणं हळूहळू विझलं.

"गाऊ नका," ती म्हणाली.

लोक बघतच राहिले.

"तुम्ही प्रेमानं गाताय. कळतं मला. पण ती जागा क्लॅरिनेटची आहे. तुम्ही ती भरलीत तर साहेबांचं काम झालं. ते म्हणतील, बघा, माणसांवाचून अडलं नाही. गाणं तुमच्याकडे आहेच, ते कुठं जाणार. पण वाजवणारे गेले ना, की तुमच्या नातवंडांकडे गाणं कुठून येणार आहे? स्पीकरला विचारणार?"

फुगेवाला म्हणाला, "मग आम्ही करायचं काय?"

"बसा. आणि जिथं काही वाजत नाही ना, तिथं नीट कान द्या."

एक गृहस्थ तडक उठून गेले. इतकं प्रेमानं गावं आणि वर ऐकून घ्यावं, हे त्यांना पटलं नाही, आणि त्यांचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. बाकीचे बसले. तिनं गाणं पहिल्यापासून घेतलं. क्लॅरिनेटची जागा आली. सगळ्या बागेच्या ओठांवर चाल होती आणि कोणी तोंड उघडलं नाही. ती शांतता जड होती. एका पोरानं आईचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "आई, ते काका कुठंयत?" आईनं सांगितलं, "मीटर वाचतायत." पोरानं विचारलं, "का?"

दुसऱ्या दिवशी भांडारातली तीन माणसं पथकाच्या खोलीत आली. वाद्यं नगरपालिकेची मालमत्ता, जमा करून घ्यायचा हुकूम. भांडारपाल बाईच्या नजरेला नजर देत नव्हता.

"उचला," ती म्हणाली. "पण तोंड वर करून ठेवू नका, धूळ बसते. आणि आधी पाणी काढू द्या." तिनं फुंकर मारून पाणी काढलं, फडक्यानं पितळ पुसलं आणि ट्यूबा त्यांच्या हातात दिली. दोघांना पेलवेना. तिसरा मदतीला आला. "रोज एकटी उचलते मी," ती म्हणाली. "लाजू नका, सवयीचा भाग आहे."

घरी शिंप्यानं विचारलं, "आता गं?"

"आता काय? रविवार येतोय."

"आणि वाजवणार काय?"

"अहो, कोटाला इस्त्री करून द्या. बाकी माझं मी बघते."

रविवारी तिनं बारा खुर्च्या मांडल्या. बारा कागद लावले. कोट घातला, टोपी घातली, आणि आपल्या खुर्चीवर रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसली. बातमी पसरली होतीच. बागेत उभं राहायला जागा नव्हती. वेळ झाली. तिनं बुटाच्या टाचेनं एक मात्रा दिली आणि बोटीचं गाणं सुरू झालं.

काही वाजत नव्हतं. तिचा पाय हलत होता. फाटकाबाहेरून रिक्षा गेली. कुठंतरी बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. बाईनं पान उलटलं, आणि पुढच्या बाकावरच्या नर्सनं मान हलवली. बरोबर तिथंच. तिलाही ठाऊक होतं की गाणं कुठवर आलंय. सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेकडो माणसं एकाच वेळी तेच गाणं ऐकत होती आणि आवाज नव्हता.

दुसऱ्या गाण्याच्या मधे फाटकाशी सायकल थांबली. क्लॅरिनेट आत आला. पायाला चिमटी, खांद्याला पिशवी, पाळीवर असलेला माणूस. तो चौथऱ्याच्या पायऱ्या चढला, आपल्या खुर्चीवर बसला, पिशवी खाली ठेवली. बाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं तिच्या पायाकडे एकदा बघितलं, मात्रा पकडली, आणि त्याची बोटं गुडघ्यावर चालू लागली. जरा वेळानं बाजाराकडून ड्रमवाला आला. पावत्यांचा गठ्ठा खिशात कोंबून बसला.

साहेब आले ते तिसऱ्या गाण्याला. पहिल्या बाकापाशी वाकून त्यांनी आजोबांना विचारलं, "काय चाललंय?"

"वादन," आजोबा वळून न बघता म्हणाले. "बसायचं तर बसा. मागच्यांना दिसत नाही."

"दिसण्यासारखं काय आहे?"

"तीन माणसं आहेत. मोजा."

साहेब बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. मागच्यांनी दोनदा ओरडून त्यांना बाजूला व्हायला लावलं. शेवटचं गाणं संपलं तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. बाईनं उठून मान झुकवली आणि हात लांब करून नऊ रिकाम्या खुर्च्यांकडे दाखवलं. टाळ्या वाढल्या. साहेबांच्या बाटलीतलं पाणी संपलं होतं, तरी ते झाकण फिरवत राहिले.

सभेत ठराव आला तेव्हा प्रत्येक सदस्याला वॉर्डातल्या माणसांनी आधीच गाठलेलं होतं. वादन बंद पडलं असं लिहिता येईना, कारण अर्धं गाव त्याला हजर होतं. वादन चालू आहे असंही लिहिता येईना, कारण वाद्यं भांडारात होती. बरीच वादावादी होऊन ठराव मागं घेतला गेला. वाद्यं परत. बाई धरून सहा माणसं पथकात. उरलेली सहा खात्यांना हवीच होती, म्हणून राहिली. क्लॅरिनेट आणि ड्रम परत आले, पाळी सोडल्याबद्दल दोघांना लेखी ताकीदही मिळाली. मुलगी अजून हंगामीच आहे.

साहेबांनी बाईला बोलावून घेतलं. या वेळी चहा होता.

"झालं ना तुमच्या मनासारखं? आता सहा जणांत गाणी नीट बसवून घ्या. आधुनिक पद्धतीत छोटीच पथकं असतात."

"बसतील सहाच," ती म्हणाली. "पण गाणी बारांची आहेत."

"बाई, निम्मं दिलंय तुम्हाला. थोडं तुम्हीही घ्या ना समजून."

"समजलंय म्हणूनच सांगते. चहा चांगला आहे."

त्या रविवारी साहेब पहिल्या रांगेत होते, सदस्यांबरोबर. ते उभं राहून चार शब्द बोलले. पथक पुन्हा सुरू झाल्याचा आनंद वाटतो, वगैरे. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून ट्यूबा बाजूला झाली आणि बाई पुढं आली.

"साहेबांचे आभार," ती म्हणाली. "पथक निम्मं सुरू झालंय. आजपासून प्रत्येक गाण्याआधी मी सांगणार, कोण नाही आणि का नाही. पहिलं, बोटीचं गाणं. यात कॉर्नेट ऐकू येणार नाही, तो वजनकाट्यावर आहे. ट्रॉम्बोन वाहनतळावर उभा आहे, त्याचे पाय सुजलेत. दुसरा क्लॅरिनेट जन्ममृत्यूच्या खिडकीत असतो. बाकी तिघांचं पुढच्या गाण्याला सांगते. तुम्हाला ही माणसं कुठं भेटली तर कामाचं बोला, आणि मग विचारा, कधी येताय म्हणून. त्यांना नाही सांगता आलं, तर साहेब दर रविवारी इथंच पुढं बसणार आहेत."

साहेबांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

ती मागं गेली, बसली, म्हैस मांडीवर ओढली आणि ओठ ओले केले.